अठरा मेपर्यंतची रेघ

कॅनडातल्या मिल्टनच्या ज्या शाळेत विलासची मुलगी जाई तिसरीत होती, तिथे पाठ्यपुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती, आणि घरचा अभ्यास विचारायला गेलं की शिक्षक म्हणत, तिला खेळू द्या. विलास नागपूरच्या शाळेत शिकला होता. तिथे प्रश्न धड्याच्या शेवटी असत, उत्तरं गाइडमध्ये असत, आणि विद्यार्थ्याचं काम एवढंच, की इथलं तिथे पोचवायचं. इथे प्रश्नही पोरांनीच आणायचे. वर्गाची एक भिंत त्यासाठी मोकळी ठेवलेली होती आणि तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. ब्रेंडनला जाणून घ्यायचं होतं, की बर्फ पडल्यावर गांडुळं कुठे जातात. ऑलिव्हियाची शंका होती, की स्कूलबसला सीटबेल्ट का नाही. जाईने लिहिलं होतं : ‘आजोबांच्या माठात पाणी फ्रिजशिवाय गार कसं होतं?’

हा प्रश्न तिला दादासाहेबांनीच व्हिडिओ कॉलवर पुरवला असावा, असा विलासला संशय होता. दादासाहेब म्हणजे त्याचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम नागपूर. उभं आयुष्य त्यांनी धरणाच्या पाण्याची पातळी रोज वहीत लिहिण्यात घालवलं होतं. साहेब पाहणीला येणार म्हणून आकडा वर-खाली करा, असं त्यांना एकदा वरून सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी आकडा तसाच ठेवला आणि त्यांची बदली झाली. त्यांनी ती बदलीही वहीत नोंदवली, शेऱ्याच्या रकान्यात.

तर एप्रिलपासून असं चाललं होतं. नागपूरला दुपारी दोन वाजता दादासाहेब गच्चीवर जाऊन बाहेरचं तापमान बघायचे, मग खाली येऊन माठातलं. दोन्ही आकडे विलासच्या फोनवर पाठवायचे. तेव्हा मिल्टनला पहाटेचे साडेचार वाजलेले असत. सात वाजता जाई खाली येई, बाबांचा फोन हक्काने उचलून आकडे वहीत उतरवी आणि मग स्वतःच्या माठाकडे वळे. तिचा माठ म्हणजे गार्डन सेंटरमधलं मातीचं कुंडं, खालचं भोक प्लेडोने, म्हणजे खेळायच्या रंगीत मातीने, बुजवलेलं. ते फारतर दोन अंशांनी गार होई आणि किचनच्या लादीवर रात्रभर पाझरे.

आकड्यांखाली दादासाहेबांचा शेरा असे, नात वाचू शकेल अशा सरकारी इंग्रजीत. मराठीत आणला तर साधारण असा : ‘वीज नव्हती, पंखा बंद, त्याचा परिणाम तपासावा.’ किंवा : ‘माठावरचं झाकण सरकलेलं आढळलं. मांजराचा संशय. पुरावा नाही.’ जाईच्या वहीत सगळे रकाने इंग्रजी होते. हा एकच ‘शेरा’ राहिला, कारण आजोबांनी तो बदलू दिला नाही.

त्या आकड्यांचा गणितात आलेख झाला. बाष्पीभवन विज्ञानात गेलं. आजोबांची मुलाखत भाषेत, विदर्भातला उन्हाळा समाजशास्त्रात, आणि चित्रकलेत माठ. विलासच्या अख्ख्या खानदानात एका फटक्यात पाच विषय कुणाचे सुटले नव्हते. तेरा जूनला जिममध्ये पालकांसाठी प्रदर्शन होतं. जाई दिवस मोजत होती.

एकोणीस मेला सकाळी पावणेसातला विलास जाईच्या डब्यात पराठा भरत होता तेव्हा शिवांगीचा फोन आला. शिवांगी त्याची धाकटी बहीण, दादासाहेबांपासून दोन गल्ल्या सोडून राहणारी.

“दादा,” ती म्हणाली.

ती तीनला दही घेऊन गेली होती. दार उघडं, पंखा चालू, दादासाहेब खाली नाहीत. ते गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीला थर्मामीटर टांगलेलं होतं, त्याच्याखाली. डॉक्टर म्हणाले, हृदय. पण चव्वेचाळीस डिग्रीत तासभर पडलेल्या माणसाचं हृदय आधी थांबलं की नंतर, हे कोण सांगणार.

“संध्याकाळीच नेतोय,” शिवांगी म्हणाली. “या उन्हात ठेवता येत नाही रे. तू पोचणार नाहीस. मीच देते अग्नी.”

विलासने बरं म्हटलं. त्याची बायको चित्रा जिन्यात उभी होती, तिला न सांगता कळलं. तिने तोंडावर पदर घ्यावा तसा किचनचा टॉवेल घेतला. आणि वरून जाईची पावलं वाजली.

“फोन?” जाई हात पुढे करून म्हणाली.

आता, विलासचा व्यवसाय इथे सांगायला हवा. तो एका कंपनीत टेस्ट डेटा बनवायचा. म्हणजे बँकेचं सॉफ्टवेअर खऱ्या गिऱ्हाइकांवर सोडण्याआधी ज्या खोट्या गिऱ्हाइकांवर चालवून बघतात, ती गिऱ्हाइकं विलास तयार करी. नाव, जन्मतारीख, पत्ता. आजवर त्याने चाळीस हजार माणसं जन्माला घातली होती आणि एकाबद्दलही कुणाची तक्रार नव्हती.

“चार्जिंगला आहे,” तो म्हणाला. “मी वाचलं. बाहेर चव्वेचाळीस, माठ सव्वीस.”

जाईने लिहिलं. “शेरा?”

“नाही आज काही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्या रकान्यात तिने एक छोटी आडवी रेघ मारली आणि सिरियल खायला बसली.

ती शाळेत गेल्यावर चित्रा म्हणाली, “तिला सांगायला हवं.”

“प्रदर्शन झालं की सांगू.”

“विलास, पंचवीस दिवस आहेत.”

“आमच्यात असंच करतात,” विलास म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. त्याची बारावीची परीक्षा चालू असताना गावी त्याची आजी, ताराबाई, वारली होती. दादासाहेब गावाहून परतले ते डोक्याचा गोटा करून. विलासने विचारलं तर म्हणाले, उन्हाळा आहे, डोकं तापतं. विलासने विश्वास ठेवला, कारण केमिस्ट्रीचा पेपर राहिला होता. त्याला चौऱ्याण्णव टक्के पडले आणि आजी गेल्याचं नऊ दिवसांनी कळलं. आकड्यात कधी खाडाखोड न केलेल्या माणसाने पोराच्या परीक्षेसाठी मात्र सपशेल खोटं बोलावं, याचं घरात कौतुकच झालं.

“आणि गच्चीचं?” चित्राने विचारलं.

जाईच्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं : वेळ – दुपारी दोन. ते दोघांनाही पाठ होतं.

“ते कधीच नाही,” विलास म्हणाला. “झोपेत गेले. ती साठ वर्षांची झाली तरी झोपेतच गेले.”

पुढचे दहा दिवस चित्राने देवापुढे दिवा लावला नाही. जाईने विचारलं तर म्हणाली, तेल संपलंय. “देअर इज ऑइल,” जाईने बाटली दाखवली. चित्राने ते वेगळं तेल आहे असं सांगितलं. रविवारी आजोबांचा व्हिडिओ कॉल आला नाही, तेव्हा विलासने सांगितलं, की त्यांचा फोन माठात पडला, कॅमेरा गेला, आता फक्त मेसेज येतात.

“माठात?” जाई म्हणाली. “मग पाणी चेंज केलं का त्यांनी?”

“केलं असेल.”

“देन द रीडिंग वुड चेंज, बाबा. नवीन पाणी गरम असतं.”

दुसऱ्या दिवशी विलासने माठाचं तापमान एका अंशाने वाढवलं. कामातली चूक तो अशी चटकन दुरुस्त करी.

शिवांगीचा पुन्हा फोन आला तो तेराव्याच्या आधी. “तिकीट काढलंस ना?”

“जुलैत येतो शिवा. आत्ता आलो तर जाईला कळेल. तिच्या शाळेत प्रदर्शन आहे.”

“मी लोकांना काय सांगू? पोरीच्या माठाचं प्रदर्शन आहे म्हणून मुलगा बापाच्या तेराव्याला आला नाही?”

“परीक्षेसारखंच आहे ते इथलं.”

“मला खोटं बोलता येत नाही, दादा, तुला माहितीये. कुणी विचारलं तर मी खरं सांगणार.”

हे मात्र त्याला माहीत होतं. शिवांगी लहानपणी स्वतःच्याच चुगल्या करायची.

शाळेतही कळवून ठेवावं, म्हणून त्याने बाईंना गाठलं. जाईच्या वर्गशिक्षिका सॅन्ड्रा तुस्कानो मूळच्या वसईच्या. वीस वर्षं कॅनडात राहूनही मराठी माणूस दिसला की त्यांचं इंग्रजी आपोआप गळून पडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी छातीवर क्रूस केला.

“पण विलासभाऊ, ही परीक्षा नाय. ह्याला मार्क नसतात.”

“ग्रेड?”

“ग्रेडपण नाय. पोरं आपापलं सांगतात, पालक ज्यूस पितात, घरी जातात.”

विलासला ते पटलं नाही. ज्याला मार्कसुद्धा नाहीत ते नक्कीच फार महत्त्वाचं असणार, असं त्याला वाटलं.

“आमच्या वसईला कोण गेलं की चर्चची घंटा वाजते,” बाई म्हणाल्या. “चुलीवरचं कालवण उतरायच्या आत सगळ्या गावाला ठाऊक. लपवायची सोयच नाय. लहान पोरं पण मयताला येतात, फुलं टाकतात, मग खेळायला जातात.” त्यांनी टेबलावरच्या रंगीत चिठ्ठ्यांची चळत सरळ केली. “मी आपणहून सांगणार नाय. पण तिने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाय. वर्षभर मी ह्या पोरांना एकच शिकवते, कुठून कळलं ते विचारा.”

“ती नाही विचारणार,” विलास म्हणाला.

आणि जाईने खरंच बाईंना विचारलं नाही. रोज सकाळी ती खाली येई, हात पुढे न करता वही उघडून बसे, आणि विलास आकडे सांगे. फोन ती मागेनाशी झाली होती, याचं विलासला बरं वाटे. शेवटी ती एकच शब्द विचारी. “शेरा?”

एकदा त्याने प्रयत्न करून बघितला. “शेरा आहे आज. खूप गरम आहे म्हणालेत.”

जाईने पेन्सिल थांबवली. “ते असं नाही म्हणत,” ती म्हणाली, आणि आडवी रेघ मारली.

तेरा जूनला सकाळी साडेनऊला जिममध्ये चाळीस पुठ्ठ्याचे फलक उभे होते. चित्राला सुट्टी मिळाली नव्हती, तिने फोटो काढायला बजावलं होतं. ब्रेंडनची गांडुळं काचेच्या बरणीत होती आणि फलकावरच्या मजकुराप्रमाणे जिवंत होती. विलास कागदी कपातली कॉफी घेऊन जाईच्या फलकाकडे गेला तेव्हा तिच्यासमोर ब्रेंडनचे वडील, मार्क, कमरेत वाकून आलेख बघत होते.

आलेखात दोन रेघा होत्या. निळी मिल्टनची, ती दहा जूनपर्यंत सपाट गेली होती. लाल नागपूरची. ती एप्रिलमधून चढत चढत आली होती, खालीवर होत, आणि अठरा मेला थांबली होती. पुढे पांढरा कागद.

“हे लाल कुठे गेलं?” मार्कने विचारलं.

जाई पाठ केल्यासारखी बोलत नव्हती. “माझा सोर्स थांबला,” ती इंग्रजीत म्हणाली. “नंतरचे नंबर दुसऱ्या कुणीतरी दिले. सव्वीस मेला नागपूरला वादळ झालं, पाऊस पडला, वेदर साइटवर आहे. माझ्या वहीत त्या दिवशी चव्वेचाळीस आहे. आणि माझे आजोबा रोज रिमार्क लिहितात. हे नंबर देणाऱ्याकडे रिमार्क नाहीत. म्हणून मी ते काढून टाकले.”

“शाब्बास, सायंटिस्ट,” मार्क म्हणाले आणि ज्यूसच्या टेबलाकडे गेले.

विलासने कॉफीचा कप गांडुळांशेजारी ठेवला. चाळीस हजार खोटी माणसं बँकेने पास केली होती, आणि सव्वीस मेचं हवामान बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

“चल जरा बाहेर,” तो म्हणाला.

कॉरिडॉरमध्ये मुलांची जॅकेटं टांगायच्या हुकांखाली एक बुटका बाक होता. विलास त्याच्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीला लागले. जाई उभीच राहिली. तिच्या हातात क्लिपबोर्ड होता आणि पेन्सिल. पालकांचे अभिप्राय घ्यायला दिलेली.

“आजोबा मेले ना?” तिने मराठीत विचारलं.

माणसांसाठी हा शब्द घरात कुणी वापरत नसे. ‘गेले’ म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, कारण कुणी गेलं हेच तिला सांगितलं नव्हतं.

“हो,” विलास म्हणाला.

“एकोणीस मे?”

“हो.”

“मला ऑलमोस्ट माहीत होतं.” तिचा ओठ हलला, पण ती रडली नाही. “मी रोज तुला विचारलं. एव्हरी मॉर्निंग. मी म्हणायची, शेरा? म्हणजे तू सांगशील. तू रोज नाही म्हणालास.”

पंचवीस सकाळी तो स्वतःला फार हुशार समजत आला होता. विलासला आता त्या सगळ्या एकदम दिसल्या. वही, सिरियल, पेन्सिल धरून वाट बघणारी ती.

“तुझं प्रोजेक्ट होतं, जाई. तुला त्रास झाला असता.”

“त्यांचं पण होतं,” ती म्हणाली. “आमच्या दोघांचं होतं.”

जिममधून टाळ्या ऐकू आल्या. कुणाचं तरी काहीतरी संपलं होतं.

“कुठे?” जाईने विचारलं.

या प्रश्नाची त्याची तयारी पक्की होती. “झोपेत गेले. पलंगावर. त्यांना कळलंसुद्धा नाही.”

“तू होतास तिथे?”

“नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

“आत्याने.”

जाईने पेन्सिल कानामागे अडकवली आणि हात पुढे केला. महिन्याभरात पहिल्यांदाच. “फोन दे. मी आत्याला विचारते.”

नागपूरला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. शिवांगी पहिल्या नाहीतर दुसऱ्या रिंगला फोन उचलणार, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणार. विलासने फोन खिशातून काढला, हातात धरला, आणि पोरीच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हा माणूस म्हणतो ते तपासून घ्यायला हवं, एवढंच होतं.

“थांब,” तो म्हणाला. “मी सांगतो. गच्चीवर होते ते. टाकीजवळ.”

“रीडिंग घ्यायला?”

“हो.”

“ॲट टू.”

“हो.”

“दोन माझ्या शीटवर आहे,” ती अगदी हळू म्हणाली. “पहिल्या पानावर. मी लिहिलंय.”

“अगं, पण वेळ त्यांनीच ठरवली होती! तू सहा म्हणाली होतीस, मीच तुला सांगायला लावलं होतं, ऊन फार असतं म्हणून. त्यांनी नाही ऐकलं.”

“दाखव.”

त्याने फोन दिला. खोटे आकडे रचताना वर सरकून खरे वाचायची त्याची हिंमत कधी झाली नव्हती. आता जाईचा अंगठा ते वर सरकवत होता आणि तो वरून बघत होता. अठरा मे, सतरा, दहा. ‘मोगऱ्याला माठातलंच पाणी घातलं. चूक मान्य.’ ‘आज आकडा विश्वासार्ह नाही, चष्मा सापडत नव्हता.’ ‘नातीचं कुंडं पाझरतं हे शुभचिन्ह आहे, निराश होऊ नये.’ एप्रिल आला. नऊ तारखेला जाईचा मेसेज होता : आजोबा, सहा वाजता घ्याल का, बाबा म्हणतात ऊन असतं. खाली दादासाहेब : ‘मान्य नाही. सहाचं ऊन शिळं. खरा आकडा दुपारी दोनचा. मी चाळीस वर्षं उन्हातच काम केलं आहे. मंजुरी कळवावी.’

“बघ,” विलास म्हणाला. “त्यांनी ठरवलं होतं.”

जाईने स्क्रीनवर बोट ठेवलं. मेसेजच्या खालच्या कडेला एक छोटा पिवळा अंगठा होता.

“बट आय सेड ओके,” ती म्हणाली.

“मी पण म्हणालो होतो,” विलास म्हणाला. “तू मला विचारलं होतंस अंगठा दाबू का म्हणून. मी म्हटलं, दाब, ते काही ऐकायचे नाहीत.”

“मी नाही म्हटलं असतं तर?”

“मला माहीत नाही, जाई.”

हे त्याने तिला सांगितलेलं महिन्यातलं पहिलं पूर्ण खरं वाक्य होतं, आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली, मध्ये थोडी जागा ठेवून. फोन तिने परत दिला नाही. यादीत आत्याचं नाव शोधून तिने ते दाबलं. या वेळी विलासने तिला थांबवलं नाही. तिने पेन्सिल कानामागून काढली आणि क्लिपबोर्डवरच्या कोऱ्या कागदावर टेकवली.

दुसऱ्या रिंगला शिवांगीचा आवाज आला. “हां, बोल दादा.”

“आत्या, मी जाई.” ती एकेक शब्द जुळवून मराठीत बोलत होती, आत्याला तिचं इंग्रजी कळत नसे म्हणून. “बाबांनी मला सांगितलं. गच्चीचं पण. मला एकच विचारायचंय. आजोबा एकटे होते का तिथे?”

पलीकडे शिवांगी रडायला लागली, मोठ्याने, इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं तशी. जाई फोन कानाशी धरून ऐकत राहिली. थोड्या वेळाने तिने पेन्सिल बाकावर ठेवून दिली.